आईच्या तांब्याच्या हंड्यामुळं अण्णांना ब्लॉकेज झालं का?

तासगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते. वडील 63 वर्षांचे, द्राक्षबागायतदार. सात महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, आता तब्येत बरी आहे. मध्यंतरी मोठ्या भावानं एका पॅकेजमधून त्यांचं रक्त तपासून घेतलं, त्यात सिरम कॉपर, म्हणजे रक्तातलं तांबं, 168 आलं, रेंज 70 ते 140 आणि पुढं ठळक अक्षरात हाय. भावानं मोबाईलवर व्हिडिओ बघितलेत की धमन्यांचा आजार कोलेस्टेरॉलनं होतच नाही, आतल्या सुजेनं होतो आणि ती सूज तांब्यानं येते. घरात आईचा लग्नातला तांब्याचा हंडा, 38 वर्षं सगळे त्यातलंच पाणी पितात, शिवाय अण्णांनी उभा जन्म बागेत बोर्डो, म्हणजे तांब्याचं बुरशीवरचं औषध, मारलंय. मग काय, हंडा माळ्यावर गेला, अण्णांनी कोलेस्टेरॉलची गोळी तीन आठवड्यांपासून सोडली, आणि बेदाण्याचे पैसे आले की चिलेशनच्या, म्हणजे रक्तातले धातू बाहेर काढायच्या, 30 सलाईन घ्यायच्या असं भावानं ठरवलंय, एकीला तीन हजार. आई कुणाशी धड बोलत नाही, 'माझ्याच हातचं पाणी पीत होते' एवढंच म्हणते. ताई विचारतात, चिलेशन करावं का, आणि नको म्हणायचं तर कुठल्या तोंडानं म्हणायचं, रिपोर्ट तर भावाच्या बाजूचा आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, व्यसन काही नाही, तंबाखू तेवढी आहे पण ती पण आता कमी केलीय.

ताई,

बाकी सगळं नंतर बोलू, आधी उठा आणि अण्णांच्या गोळ्यांचा डबा हातात घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी सोडली असं लिहिलंत, पण तिच्याबरोबर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात, अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर असं काहीतरी नाव असेल, त्या चालू आहेत ना? विचारू नका, पाकिटातल्या गोळ्या मोजा, कारण विचारलं की आपले वडील लोक हो घेतो की म्हणतात. अटॅकनंतर स्टेंट बसला की या दोन गोळ्या साधारण वर्षभर जोडीनं चालतात, आणि मनानंच सोडल्या तर स्टेंटच्या आतच गुठळी धरू शकते, ते थेट जीवावरचं असतं. मोजणी चुकली तर आजच्या आज ज्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला त्यांना फोन करा. कोलेस्टेरॉलची गोळी तीन आठवडे बंद होती हे पण त्याच फोनवर सांगा, लपवू नका, आणि ती आजपासून परत चालू करायचं त्यांच्याशी बोलून घ्या. चिलेशनचा निर्णय चार दिवस थांबला तर काही बिघडत नाही, गोळ्यांचं तसं नाही.

आता दादाचं. मी साताऱ्यात गेली 24 वर्षं ओपीडी करते आणि असे दादा मी खूप बघितलेत, वडिलांना अटॅक आल्यावर रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसलेले, कारण त्यांना काहीतरी करायचं असतं आणि हॉस्पिटलनं हातात नुसता गोळ्यांचा कागद दिलेला असतो. त्याला वेड्यात काढू नका, त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. धमन्यांच्या आजारात सूज असते हे जर्मनीतल्या रुडॉल्फ विरशो या डॉक्टरनं 1850 च्या दशकातच सांगितलं होतं, आणि 2017 मध्ये कँटोस नावाच्या मोठ्या अभ्यासात ते माणसांवर दिसलं. अटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर पेशंट, त्यांना असं इंजेक्शन दिलं जे कोलेस्टेरॉलला हातच लावत नाही, फक्त सूज कमी करतं, तरी पुढचे अटॅक आणि लकवे मिळून साधारण 15 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे सूज ही खरी गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासात इंजेक्शनवाल्यांमध्ये जंतुसंसर्गानं मृत्यू जास्त झाले, म्हणून ते सरसकट कुणाला देत नाहीत. सूज काय नुसती वाईट नसते, तीच आपल्याला जंतूंपासून वाचवते.

दादाची गाडी घसरते ती पुढं, सूज खरी म्हणजे कोलेस्टेरॉल खोटं, इथं. अहो ही एकाच भांडणातली दोन माणसं आहेत. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या आतल्या अस्तरात शिरतात, तिथंच अडकून खराब होतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथंच मरून पडतात, त्यातनं अजून पेशी येतात, ही झाली सूज. आत शिरणारा मालच कमी केला तर भांडण पण कमी होतं. अण्णांनी सोडलेली गोळी स्टॅटिन असणार, आणि तीच गोळी एलडीएल पण उतरवते आणि सूज पण, म्हणजे दादाला जे पाहिजे तेच करणारी गोळी त्यानं बंद होऊ दिलीय. हे त्याला नीट समजावून सांगा, त्याला पटेल.

मग 168 चं काय. इथं मला माझं माहेर आठवतं, ते पण तुमच्याच भागातलं, आमची पण बाग होती. ऑक्टोबर छाटणीनंतर वडील बोर्डो करायचे, एका पिंपात मोरचूद विरघळवायचा, दुसऱ्यात चुना, मग दोन्ही एकत्र, निळंशार. आणि मारायच्या आधी ते विळा घासून पुसून त्यात बुडवायचे, जरा वेळानं वर काढून उन्हात धरायचे. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर म्हणायचे चुना कमी पडला, अजून घाला, नाहीतर पानं करपतील. अण्णांना विचारा, ते पण हेच करत असतील. मोरचूद म्हणजे तांबंच की, पण मोकळं तांबं पान जाळतं आणि चुन्यानं धरून ठेवलेलं तांबं डावणी रोगापासून पान वाचवतं, तांबं तेच.

रक्तात असंच आहे. आपल्या रक्तातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास तांबं मोकळं नसतंच, ते सेरुलोप्लाझमिन नावाच्या एका प्रथिनात पक्कं बांधलेलं असतं. हे प्रथिन लिव्हर तयार करतं, आणि शरीरात कुठंही सूज असली, इन्फेक्शन असलं, दाढ सुजली, हिरड्या खराब असल्या, की लिव्हर ते जास्त तयार करतं. प्रथिन वाढलं की त्याच्याबरोबर सिरम कॉपरचा आकडा आपोआप वर जातो, तुम्ही एक थेंब जास्त तांबं पोटात घेतलं नसलं तरी. गरोदर बाईचं आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचं कॉपर तर हमखास वाढलेलं येतं, त्या बायांनी काय हंडा गिळलेला नसतो. 2019 च्या पुरात सांगलीत रस्त्यारस्त्यावर बोटी होत्या, जितकं पाणी जास्त तितक्या बोटी जास्त, पण बोटींमुळं कृष्णेला पूर आला असं कुणी म्हटलं नाही. अण्णांच्या रिपोर्टमध्ये बहुतेक बोटी मोजल्या गेल्यात. रक्त द्यायच्या आधी आठ पंधरा दिवसांत त्यांना ताप, दाढ, खोकला असं काही होतं का हे आठवून बघा, आणि परत कधी रक्त द्यायचंच झालं तर कॉपर एकटं न करता डॉक्टरांना विचारून सेरुलोप्लाझमिन आणि एचएस सीआरपी, म्हणजे सूज मोजणारी तपासणी, सोबत करा. आजारी असताना मात्र नाही, सीआरपी दहाच्या वर आलं तर तो चालू इन्फेक्शनचा आकडा असतो, हृदयाचा नाही.

तांब्याचा आणि हृदयाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही हां. फिनलंडमध्ये 1991 साली आलेल्या एका अभ्यासात ज्या पुरुषांचं सिरम कॉपर जास्त त्यांना अटॅक जास्त आले, हे खरं आहे. लॅबमध्ये एलडीएल मुद्दाम खराब करून बघायचं असतं तेव्हा त्यात तांब्याचे मोकळे कण टाकतात, हे पण खरं, दादाच्या व्हिडिओत बहुतेक हेच दाखवलं असेल. उंदरांमध्ये औषधानं तांबं उतरवल्यावर धमन्यांतली सूज कमी झालेली पण दिसलीय. पण काचेच्या नळीत मोकळं तांबं असतं आणि अण्णांच्या रक्तात बांधलेलं. आणि ज्याचं कॉपर जास्त त्याला अटॅक जास्त, एवढ्यावरनं कॉपरनं अटॅक आला असं होत नाही, दोन्हीच्या मागं तीच सूज असू शकते. उलट दुसऱ्या टोकाची गोष्ट कुणी सांगत नाही. धमनीची भिंत रबरासारखी ताणते ती इलास्टिन आणि कोलॅजनच्या धाग्यांमुळं, आणि त्या धाग्यांना एकमेकांत गुंफणारं एन्झाइम तांब्याशिवाय चालतच नाही. कोंबडीच्या पिल्लांना आणि डुकरांना तांबं नसलेलं खाणं देऊन बघितलं तेव्हा त्यांच्या छातीतली मुख्य धमनी फुगून फुटली. तांबं पूर्ण काढून टाकायची भाषा करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

हंड्याकडं येते, कारण मला वाटतं तुमच्या घरात खरं दुखणं तिथं आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर, म्हणजे 16 तास ठेवलेल्या पाण्यात किती तांबं उतरतं हे आपल्याच देशात मोजून झालंय, लिटरमागं 0.2 मिलिग्रॅमच्या पण आत. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे दहा पट. त्याच पाण्यात घातलेले जुलाबाचे जंतू मात्र 16 तासांनी सापडले नाहीत. आता खाण्याशी ताडून बघा, मूठभर शेंगदाण्यात साधारण 0.3 मिलिग्रॅम, एक मोठा चमचा तिळात त्याहून थोडं जास्त, मूठभर काजूत त्याच्या दुप्पट. आपल्याकडं भाजीला शेंगदाण्याचं कूट, भाकरीसोबत शेंगाची चटणी, संक्रांतीला तीळ, म्हणजे अण्णांच्या पोटात हंड्यापेक्षा जास्त तांबं ताटातनं गेलंय आणि ते गेलंच पाहिजे, माणसाला रोज जवळपास एक मिलिग्रॅम लागतं. जास्तीचं लिव्हर पित्तातनं बाहेर टाकतं. ज्यांना ते टाकता येत नाही असा विल्सन नावाचा आनुवंशिक आजार असतो, पण त्यात सहसा सेरुलोप्लाझमिन कमी येतं आणि त्रास लिव्हरला, मेंदूला होतो, बहुतेक तरुणपणीच. त्या घरातल्या लोकांनी मात्र तांब्याचं भांडं टाळावं.

भांड्यानं कधीच काही होत नाही असंही नाही, आणि हे आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे. तान्ह्या बाळांचं लिव्हर खराब होऊन ती दगावायची, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणायचे त्याला. 1983 च्या सुमारास पुण्यातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की या बाळांना लहानपणीच वरचं दूध सुरू झालेलं असायचं आणि ते दूध बिनकल्हईच्या पितळी, तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं असायचं. दूध तांबं धरून ठेवतं, पाणी तसं नाही. पुढं घरोघरी स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणजे आपल्या आज्या जे सांगायच्या, ताक कळकतं, आंबट पितळीत ठेवू नको, कल्हई उडाली की कल्हईवाल्याला बोलव, ते अगदी बरोबर होतं. नियम एवढाच की तांब्यात साधं पाणी ठेवा, दूध, ताक, लिंबूपाणी, चिंचेचं सार काही नको, आणि हंडा आतनं हिरवा पडू देऊ नका.

बोर्डोचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. तिथं तांबं पाण्यातनं नाही, श्वासातनं जातं. पोर्तुगालमधल्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसांना आजार झालेला 1969 मध्येच नोंदलाय. अण्णांच्या ब्लॉकेजशी मी ते जोडत नाही, पण तोंडाला नुसता रुमाल बांधून ब्लोअर चालवत असतील तर ते बंद करा, चांगला मास्क आणि चष्मा आणा, आणि हा नियम दादाला आणि मजुरांना पण. शक्य असेल तर अण्णांना फवारणीपासून लांबच ठेवा.

चिलेशन. सलाईनमधनं ईडीटीए नावाचं रसायन देतात, ते धातूंना पकडून लघवीतनं बाहेर काढतं. यावर अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले. पहिल्याचा निकाल 2013 मध्ये आला, थोडा फायदा दिसला, मुख्यतः डायबेटिस असलेल्यांत, आणि मोठी आशा लागली. म्हणून मग फक्त डायबेटिस आणि आधी अटॅक आलेले हजार पेशंट घेऊन परत केला, आठवड्याला एक अशी 40 सलाईन. 2024 मध्ये निकाल आला. रक्तातलं शिसं 61 टक्क्यांनी उतरलं, म्हणजे औषधानं आपलं काम चोख केलं, पण अटॅक, लकवा, मृत्यू यात काहीच फरक पडला नाही. आणि तिथं काढत होते शिसं, तांबं नव्हे. हेच सलाईन चुकीच्या प्रकारचं किंवा घाईनं दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊन मृत्यू झालेले आहेत, किडनीलाही धोका असतो. नव्वद हजार रुपये घालून आपण बोटी बाहेर काढणार, पाणी तिथंच. माझा सल्ला स्पष्ट आहे, करू नका. आणि तिथला कुणी म्हणाला की याच्यासोबत बाकीच्या गोळ्या बंद करा, तर तिथनं उठून या.

ताई, आता तुमच्या पत्राबद्दल एक बोलते, राग मानू नका. हंड्यावर तुम्ही जवळपास एक पान लिहिलंय. तंबाखूवर एक ओळ, ती पण शेवटी. 52 देशांमधल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू खाणाऱ्यांना, म्हणजे धूर न ओढणाऱ्यांना, अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला. आपल्याकडं तंबाखूला व्यसन धरतच नाहीत, बायकांच्या मिश्रीला तर त्याहून नाही, पेशंट मला पण सांगतात व्यसन काही नाही मॅडम आणि खिशातनं पुडी डोकावत असते. घरात सूज कुठनं येते असं दादा शोधतोय ना, त्यानं अण्णांना तोंड उघडायला लावावं आणि बॅटरीनं हिरड्या बघाव्यात. लाल, सुटलेल्या, ब्रश लावला की रक्त येणाऱ्या हिरड्या म्हणजे चोवीस तास चालू असलेली सूज. दाताच्या डॉक्टरकडं न्या, आधीच सांगा की स्टेंट आहे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, आणि दातासाठी त्या गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवू नका. कमी केलीय यावर थांबू नका. पूर्ण सुटायला त्रास होतो, चिडचिड, झोप नाही, त्यासाठी निकोटिनचे गम मिळतात, डॉक्टर गोळ्या पण देतात, 1800 11 2356 या सरकारी क्विटलाइनवर फुकट बोलता येतं.

उरलेलं भराभर सांगते. एलडीएल किती आहे ते बघा, अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं 55 च्या खाली असावं, साध्या रिपोर्टवर शंभरच्या आत नॉर्मल लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. एचबीए1सी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, केली नसेल तर करा. दरवर्षी फ्लूची लस द्या, फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात अटॅकचा धोका जवळपास सहा पट होतो असं दिसलंय. सांगलीची हळद भाजीत, दुधात खुशाल घाला, पण हळदीच्या कॅप्सूल घेऊ नका, त्यानं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत आणि अण्णा रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर आहेत. करोनापासनं कुणी झिंकच्या 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेत असेल तर बंद करा, जास्त झिंक पोटात तांबं शोषू देत नाही, महिनोन्महिने घेतलं की रक्त कमी होतं, पाय बधिर पडतात. सूज उतरवायला कोल्चिसिन नावाची जुनी गोळी हृदयाच्या पेशंटना काही वेळा देतात, पण तिचे निकाल एकसारखे आले नाहीत आणि किडनी बघूनच द्यावी लागते, तो विषय हृदयाच्या डॉक्टरांवर सोडा.

दादाशी भांडू नका. त्याला म्हणा, तू सुजेचं म्हणतोस ते बरोबर आहे, चल आपण ती कमी करू, आणि पुढच्या तपासणीला त्यालाच घेऊन जा, रिपोर्ट त्याच्याच हातात द्या, डॉक्टरांना प्रश्न त्यालाच विचारू द्या. वडिलांसाठी धडपडणाऱ्या माणसाला काम मिळालं पाहिजे, नाहीतर तो परत मोबाईलकडं जाईल. तंबाखूचं खातं त्याच्याकडं द्या, तोही खात असेल तर दोघांचं मिळून.

आणि आईला हे वाचून दाखवा, हंड्याचा भाग तरी. 38 वर्षं त्यांनी रोज रात्री हंडा भरला, सकाळी आधी अण्णांना पाणी दिलं, आणि कुणीतरी एक आकडा दाखवून त्यांना गुन्हेगार करून टाकलं. त्यांच्याशी कुणी स्पष्ट बोललंय का की तुझी चूक नाही? नुसतं जाऊ दे गं म्हणून त्यांचं मन हलकं होणार नाही, दादानं सांगावं लागेल, कारण हंडा त्यानंच उचलून वर ठेवला. त्यालाच माळ्यावर चढवा, हंडा खाली काढा, चिंच आणि मीठ लावून लख्ख घासा, तीनचार वेळा धुऊन घ्या, आतनं हिरवं काही राहिलं नाही ना बघा. रात्री भरा. सकाळची स्टॅटिन आणि रक्त पातळची गोळी अण्णांनी त्याच पाण्यानं घेतली तरी चालेल, डॉक्टरांनी रात्री घ्यायला सांगितली असेल तर रात्री.